दरबारातल्या त्या माणसांना नावं होती

प्रति,
अध्यक्ष आणि सभासद,
वारसा महोत्सव आयोजन समिती, बडोदे

सप्रेम नमस्कार.

मी बडोद्याचीच. आजोबांपासून आमचं घर दांडिया बाजारात आहे. मी एका शाळेत चित्रकला शिकवते. त्याआधी कलेच्या इतिहासात एम.ए. केलं. माझी उंची ३ फूट १० इंच आहे. पत्रात कुणी आपली उंची लिहीत नाही, एरवी मीही लिहीत नाही. आज लिहिली, कारण तुमच्या वतीनं मला जो फोन आला त्यात पहिला प्रश्न तोच होता.

काय घडलं ते आधी सांगते, म्हणजे तुमच्याखेरीज जे कुणी हे पत्र वाचतील त्यांनाही कळेल.

यंदाच्या महोत्सवाचा विषय 'दरबार' असल्याचं तुम्ही उन्हाळ्यात जाहीर केलंत आणि गावातल्या लोकांकडून कार्यक्रम मागवलेत. मी चार पानांचा प्रस्ताव दिला. राजदरबारांत आणि चित्रांत-शिल्पांत ठेंगण्या माणसांचं काय स्थान होतं, यावर पाऊण तासाचं सचित्र व्याख्यान. मानधन मागितलं नव्हतं. प्रोजेक्टर आणि माझ्या उंचीचं एक टेबल, एवढंच हवं होतं. महिन्याभरानं दोन ओळींचं उत्तर आलं: विषय चांगला आहे, पण सर्वसामान्य प्रेक्षकांना तो रुचणार नाही. मी ते मान्य केलं. कार्यक्रम निवडणं हा तुमचा अधिकार आहे.

तीन आठवड्यांनी फोन आला. 'मॅडम, तुमची हाइट किती? चार फुटांच्या आत ना?' प्रवेशद्वाराच्या सजावटीचं कंत्राट घेतलेले गृहस्थ बोलत होते. तीन दिवस, रोज संध्याकाळी चार तास 'दरबारी विदूषक' बनून गेटवर उभं राहायचं. पाहुणे आले की वाकून मुजरा करायचा, फोटो काढू द्यायचे, मुलांनी टोपी ओढली तरी रागवायचं नाही. पाच पुरुष मिळाले होते, आता 'एक लेडीज' हवी होती. माझा नंबर कुणी दिला, असं मी विचारलं. समितीनं, म्हणाले. तुमच्याकडे माझा नंबर एकाच ठिकाणी होता: प्रस्तावाच्या शेवटच्या पानावर, सहीखाली.

चार पानं तुम्ही बाजूला ठेवलीत आणि नंबर तेवढा काढून घेतलात.

मी समितीला दोनदा ईमेल केली. उत्तर नाही. शेवटी एका सभासदांना फोन केला. ते अगदी शांतपणे म्हणाले, 'अहो, यात अपमान कुठे आला? ही तर राजेशाही परंपरा आहे. दरबारात ठेंगू असायचेच.' त्या वाक्यामुळे हे पत्र चारचौघांत लिहिते आहे.

असायचे, हे खरं आहे. माझी पंधरा वर्षं त्या 'असायचे'चा अर्थ शोधण्यात गेली आहेत. तुम्ही जे व्याख्यान नको म्हणालात, त्यातलं थोडं इथे सांगते. त्याशिवाय माझी तक्रार काय आहे हे कळणार नाही.

स्पेनच्या चौथ्या फिलिप राजाचा दरबारी चित्रकार दिएगो वेलास्केझ. त्याचं १६५६ सालचं 'लास मेनिनास' हे चित्र माद्रिदच्या प्रादो संग्रहालयात आहे. आपल्या फाइन आर्ट्सचा कुठलाही विद्यार्थी ते ओळखेल. मध्यभागी छोटी राजकन्या मार्गारिता, भोवती तिच्या सख्या. उजव्या कोपऱ्यात, अगदी पुढे, दोन ठेंगणी माणसं आहेत. एक निकोलासितो पेर्तुसातो, इटलीतून आलेला, बसलेल्या कुत्र्याच्या पाठीवर पाय टेकवलेला. पुढे तो राजाच्या खासगी दालनातल्या सेवकांत मानाच्या जागेवर पोचला. दुसरी मारिबार्बोला, जर्मन बाई. ती सरळ आपल्याकडे बघते. लाजत नाही, हसत नाही, हसवत नाही. पहिल्या वर्षाला असताना अंधाऱ्या वर्गात पडद्यावर ती नजर मी पाहिली आणि इतक्या चित्रांनंतर पहिल्यांदाच वाटलं, इथे आपल्या ओळखीचं कुणीतरी आहे.

त्याच चित्रकारानं १६४५च्या सुमारास सेबास्तियान दे मोर्राचं चित्र काढलं. तो जमिनीवर बसला आहे, बुटांचे तळवे आपल्याकडे, मुठी कमरेशी. मागे नुसता अंधार. ना माकड, ना खुळखुळा, ना शेजारी कुणी उंच माणूस. चित्रकारानं आपल्याला त्याच्या डोळ्यांच्या पातळीवर आणून बसवलं आहे, त्यामुळे त्याच्याकडे वाकून बघताच येत नाही. मला उभ्या आयुष्यात लोक वरून बघत आले आहेत. म्हणून त्या चित्रातली ती पातळी मला कळते. आणि त्याच दरबारातला ठेंगणा दिएगो दे आसेदो? तो राजाच्या सहीचा शिक्का जिथे असे त्या कचेरीत काम करत होता. आपल्या भाषेत, दप्तरातला माणूस.

यावरून तो दरबार फार दयाळू होता असं मी म्हणत नाही. ही माणसं विदूषकांच्या यादीत धरली जात. एका राजघराण्यातून दुसऱ्या राजघराण्यात त्यांना भेट म्हणून पाठवत, घोडे किंवा शिकारी कुत्रे पाठवावेत तसं. पण वाड्याच्या हिशेबात त्यांची नावं आहेत. त्या नावांमुळेच आज मी तुम्हांला त्यांच्याबद्दल सांगू शकते.

फ्लॉरेन्समध्ये याच्या उलट झालं. तिथे मेदिची घराण्याच्या कोसिमोच्या दरबारी ब्राच्चो दि बार्तोलो नावाचा माणूस होता. त्याला सगळे 'मॉर्गान्ते' म्हणत, आणि हे एका काव्यातल्या राक्षसाचं नाव. गंमत म्हणून ठेवलेलं. ब्रोंझिनो या चित्रकारानं त्याला पूर्ण नग्न रंगवलं, कॅनव्हासच्या एका बाजूला समोरून, दुसऱ्या बाजूला पाठीमागून. तिथल्या बोबोली बागेत त्याचा नग्न पुतळा कासवावर बसवला आहे. साडेचारशे वर्षं झाली. अजून लोक त्या पुतळ्यासमोर उभे राहून फोटो काढतात, आणि कितीजणांना ब्राच्चो हे नाव माहीत असेल?

इंग्लंडमध्ये १६२६च्या सुमाराला एका मेजवानीत राणी हेन्रिएटा मारियासमोर मोठी 'पाई' आणली, म्हणजे मांस भरून भाजलेला तिकडचा खाद्यपदार्थ. वरचं कवच फोडून आतून सात वर्षांचा जेफ्री हडसन बाहेर आला. सात वर्षांचं पोर, अन्नाच्या कवचात दडवून ठेवलेलं. यजमानांनी तिथल्या तिथे तो राणीला देऊन टाकला. पुढे व्हॅन डाइकनं राणीबरोबर त्याचं चित्र काढलं, त्याच्या हातावर माकड बसवून. हडसननं आयुष्यभर टिंगल सोसली आणि एके दिवशी सोसायची नाही असं ठरवलं. १६४४ मध्ये फ्रान्समध्ये त्यानं एका दरबाऱ्याला द्वंद्वाचं आव्हान दिलं. तो दरबारी म्हणे पिचकारी घेऊन आला, तेव्हाही चेष्टाच. हडसनच्या हातात पिस्तूल होतं आणि त्याची गोळी चुकली नाही. नंतर तो समुद्रावर चाच्यांच्या हाती सापडला आणि त्याची कित्येक वर्षं उत्तर आफ्रिकेत गुलामीत गेली.

रशियाच्या पीटर बादशहानं १७१० मध्ये सेंट पीटर्सबर्गला आपल्या एका ठेंगण्या सेवकाचं लग्न लावलं. त्यासाठी सत्तरच्या आसपास ठेंगणी माणसं हुकुमानं गोळा केली. थोड्याच दिवसांपूर्वी त्याच्या पुतणीचं लग्न झालं होतं. हे लग्न म्हणजे त्या थाटाची नक्कल. मध्ये बुटक्या टेबलांवर ते, कडेनं उंच पाहुणे, आणि पाहुण्यांची हसून हसून मुरकुंडी.

आता ज्याच्याबद्दल बोलायला मला सर्वांत जास्त वेळ हवा होता तो माणूस. रिचर्ड गिब्सन, जन्म १६१५, मृत्यू १६९०. लघुचित्रकार. उंची ३ फूट १० इंच, अगदी माझ्याएवढी. त्याची बायको ॲनही तितकीच. इंग्लंडच्या पहिल्या चार्ल्सच्या दरबारी तो हुजऱ्या म्हणून आला आणि तिथेच चित्रकार झाला. सरदारांची, त्यांच्या बायकांची व्यक्तिचित्रं त्यानं काढली. मेरी आणि ॲन या राजकन्यांना चित्रकला शिकवली. दोघीही पुढे राण्या झाल्या. त्याची मुलगी सुझाना-पेनेलोपी हीसुद्धा नावाजलेली लघुचित्रकार. दरबारानं त्याच्याकडे बघितलं असेलच, पण त्यानंही दरबाराकडे बघितलं, तासन् तास, हातात ब्रश घेऊन, आणि ज्यांना बघितलं त्यांना त्याच्यासमोर स्थिर बसावं लागलं. मी शाळेत फळ्यापुढे स्टुलावर उभी राहून मुलांना चेहऱ्याचं प्रमाण शिकवते तेव्हा मला त्याची आठवण होते.

याहून जुनं हवं असेल तर साडेचार हजार वर्षं मागे जा. इजिप्तचा सेनेब. राजवाड्यातला मोठा अधिकारी, खुफू राजाच्या पूजेचा पुरोहित. गीझाला त्याची कबर सापडली. त्यातला दगडी पुतळा कैरोच्या संग्रहालयात आहे. सेनेब मांडी घालून बसला आहे, शेजारी बायको, तिचा हात त्याच्या खांद्याभोवती. जिथे उंच माणसाचे पाय लोंबले असते तिथे शिल्पकारानं त्यांची दोन मुलं उभी केली आहेत. मांडणी पुरी झाली, आणि कुठलाही पाय लपवावा लागला नाही. माझ्या सातवीच्या मुलांना मी दरवर्षी हे शिल्प दाखवते आणि विचारते, यात काय कमी आहे? अजून कुणालाही काही सापडलेलं नाही.

आपल्याकडचं? भरताच्या नाट्यशास्त्रात विदूषक कसा असावा ते सांगितलं आहे: वामन, दात पुढे आलेला, कुबडा, टकला. सातव्या शतकातल्या हर्षाच्या नाटकात राजवाड्यात माकड सुटतं, तेव्हा घाबरलेला वामन कंचुकीच्या, म्हणजे अंतःपुरातल्या म्हाताऱ्या सेवकाच्या, झग्यात शिरतो. म्हणजे अंतःपुरात ही माणसं होती आणि त्यांच्या भीतीवर हशा पिकत होता, हे आपल्याच ग्रंथांत लिहिलेलं आहे. तेही मी व्याख्यानात सांगणार होते. त्याचबरोबर पितळखोऱ्याच्या लेण्यातला यक्ष दाखवणार होते. तो आता दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. ठेंगणा, गुबगुबीत, डोक्यावर पात्र धरलेला, आणि चेहऱ्यावर असं हसू की बघणाऱ्यालाही हसू फुटावं, त्याला न हसता. हातावर कोरलं आहे की हा कान्हदास सोनारानं घडवला. सांचीच्या पश्चिम तोरणाच्या खांबांवर असेच ठेंगणे यक्ष हात वर करून तोरणाच्या तुळया तोलून धरतात. दोन हजार वर्षं तोलून धरली आहेत.

आणि वामनावतार. लहानपणापासून मला 'वामनमूर्ती' म्हणत आले आहेत, बक्षीस घेतलं की 'मूर्ती लहान पण कीर्ती महान'. म्हणणाऱ्यांच्या मनात प्रेम असतं हे मला कळतं. पण वामनाची शिल्पं पाहा. छत्री धरलेला बटू बहुतेक ठिकाणी एका कोपऱ्यात असतो आणि आभाळाला पाय लावणारा त्रिविक्रम सगळी भिंत व्यापतो. लहान असतानाचा वामन आपल्याला पुरत नाही, तो मोठा व्हावा लागतो. मला मोठं व्हायचं नाही. जेवढी आहे तेवढ्या उंचीवरून बोलायचं आहे.

म्हणून माझी पहिली तक्रार ही की एवढ्या लांबलचक गोष्टीतून तुम्ही जे उचललंत ते हडसनला दडवलेली पाई, पीटरची बुटकी टेबलं आणि बोबोलीतलं कासव. सेनेब नाही, गिब्सन नाही, मारिबार्बोलाची नजर नाही.

दुसरी तक्रार वारशाच्या नावाची. कंत्राटदारांनी मला व्हॉट्सॲपवर पोशाखाचा फोटो पाठवला: खाली जरीचा अंगरखा, वर टोकांना घुंगरं लावलेली दोन शिंगांची टोपी. ती टोपी युरोपातल्या दरबारी विदूषकाची आहे. मराठा दरबारात दाराशी भालदार-चोपदार असत, ललकारी देत, आणि ते जबाबदारीचं काम होतं. आपल्या गायकवाड दरबारात गवई, वादक, नर्तकी, पहिलवान यांचं वेगळं कलावंत खातं होतं. सयाजीरावांनी त्याला नियम घालून दिले, पगार-रजा लावून दिल्या. तुमचा गेटवरचा विदूषक बडोद्याच्या कुठल्या दप्तरातून आला ते दाखवा, मी माझी ही तक्रार मागे घेईन. ज्या राजानं १९०६ मध्ये राज्यभर प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं, त्याच्या दरबाराच्या नावानं हे चाललं आहे. त्याच्या शाळांच्या परंपरेतच माझी आजी शिकली. ती शिकली म्हणून माझी आई शिकली, आणि आईनं हट्ट धरला म्हणून मला पहिलीत वर्गात बसवून घेतलं, नाहीतर 'हिला घरीच शिकवा' असा सल्ला होता.

तिसरी तक्रार शब्दांची, आणि ती तुमच्या एकट्याबद्दल नाही. तुमच्या जाहिरातीत 'ठेंगूंसोबत धमाल सेल्फी' असं छापलं आहे. ठेंगू, बुटक्या, दीडफुट्या, टिल्लू हे मी रस्त्यावर ऐकतच असते. पण चांगल्या मराठीतसुद्धा कोत्या मनाच्या माणसाला 'खुजा' म्हणतात, अग्रलेखात 'खुजं नेतृत्व' येतं, आणि लिहिणाऱ्याच्या मनात कुठेही येत नाही की आपण कुणाच्या तरी हाडांच्या लांबीला शिवी बनवलं आहे. 'ठेंगणी माणसं' म्हटलं तर मला चालतं. नावानं हाक मारलीत तर सगळ्यांत उत्तम.

चौथ्या तक्रारीवर जरा थांबते, कारण ती मुलांची आहे.

लहानपणी बाबा मला कमाटीबागेतल्या संग्रहालयात न्यायचे. बागेत पोरं मागे लागायची. तिकीट खिडकीशी लोक वळून बघायचे, मोठी माणसंसुद्धा. आत चित्रांच्या दालनातही तेच. पण देवमाशाच्या सांगाड्यापाशी पोचलं की सगळं थांबायचं. तो एवढा प्रचंड आहे की त्याच्यापुढे माझ्याकडे बघायला कुणाला सवडच नसायची. मी तिथे खूप वेळ उभी राहायची. बाबांना वाटायचं मला प्राण्यांची आवड आहे. मी चित्रकलेकडे गेले तेव्हा त्यांना आश्चर्य वाटलं होतं.

गेल्या वर्षी माझ्या वर्गातली दोन मुलं एका लग्नाला गेली होती. दाराशी एका ठेंगण्या माणसाला मिशी चिकटवून, ढगळ कोट घालून उभं केलं होतं. सोमवारी वर्गात एकानं हात वर केला आणि अगदी निरागसपणे विचारलं, 'टीचर, तुम्हीपण रात्री तिथे जाता?' वर्ग हसला नाही. सगळे उत्तराची वाट बघत होते, आणि तेच मला जड गेलं. त्यांना खरंच वाटत होतं की माझ्यासारखी माणसं दिवसा काही करत असली तरी त्यांचं खरं काम ते असतं. तुमच्या महोत्सवाला शाळांच्या सहली येतात. तीन दिवसांत हजारो मुलं ते गेट ओलांडतील आणि हाच धडा घेऊन घरी जातील, तोही 'वारसा' या नावाखाली.

आणि त्या मुलांत एखादं माझ्यासारखं असेल. माझ्या ठेंगणेपणाला डॉक्टर अकॉन्ड्रोप्लेझिया म्हणतात. एका जनुकातल्या बदलामुळे हाडांची वाढ वेगळी होते. साधारण पंचवीस हजार जन्मांत एक. यातली ऐंशी टक्क्यांच्या आसपास मुलं सर्वसाधारण उंचीच्या आई-वडिलांच्या पोटी येतात. माझे आई-बाबा दोघंही चांगले उंच होते. ही गोष्ट कुणाच्याही घरची असू शकते, समितीतल्या कुणाच्याही.

पाचवी तक्रार छोटी आहे. दोन वर्षांपूर्वी मी तुमच्या महोत्सवाला तिकीट काढून आले होते. तिकीट खिडकीचा कट्टा माझ्या डोक्यावर होता, चित्रं पाच फुटांवर टांगलेली, वाड्याच्या पायऱ्यांना कठडा नाही, स्वच्छतागृहाची कडी हाताला येत नव्हती. अभिप्रायाच्या वहीत मी हे सगळं लिहिलं होतं.

आता तुम्ही म्हणाल, आणि त्या सभासदांनी म्हटलंच: ते पाच जण राजीखुशीनं येत आहेत, त्यांचा रोजगार तुम्ही का बुडवता?

हा प्रश्न मी टाळत नाही. यानं माझी झोप उडाली आहे. फ्रान्समध्ये एका क्लबात ठेंगण्या माणसाला हेल्मेट घालून गादीवर फेकण्याचा खेळ चालायचा. १९९१ मध्ये तिथल्या एका गावाच्या महापौरांनी तो बंद केला. कोर्टात कोण गेलं? ज्याला फेकत होते तोच माणूस. त्याचं म्हणणं असं की माझ्यासारख्याला दुसरं काम कुणी देत नाही, आणि काम हीच माझी प्रतिष्ठा. १९९५ मध्ये फ्रान्सच्या सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयानं मानवी प्रतिष्ठेचं कारण देऊन बंदी कायम ठेवली. २००२ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क समितीनंही त्याची तक्रार फेटाळली. निकाल मला बरोबर वाटतो. पण त्या माणसाचा प्रश्न खोटा नव्हता. त्याची प्रतिष्ठा सगळ्यांनी जपली, काम कुणी देऊ केलं?

आपल्याकडेही तेच आहे. विष्णुपंत छत्र्यांनी १८८० मध्ये पहिली भारतीय सर्कस काढली, आणि पुढे शंभर वर्षं सर्कशीतला जोकर म्हणजे बहुतेक वेळा आमच्यातला कुणीतरी. ते अवघड काम आहे. पडायचं कसं हेसुद्धा शिकावं लागतं. सर्कशी आटल्या तशी ती माणसं लग्नाच्या मांडवांकडे वळली. तुमच्या पाच जणांपैकी दोघांशी मी बोलले. एकाला तीस वर्षांचा तंबूचा अनुभव आहे, त्याच्याकडे आठवणी आहेत, हातचलाखी आहे, चार भाषा आहेत. दुसरा शिवणकाम करतो. त्यांना दोष देणारा एक शब्दही मी लिहिणार नाही. गेटवर वाकण्याशिवाय दुसरं काही तुम्ही त्यांना विचारलंच नाही, ही माझी तक्रार आहे.

कायद्याबद्दल थोडक्यात. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यानं ज्या २१ दिव्यांगता मान्य केल्या त्यांत ठेंगणेपणा आहे. प्रौढ वयात उंची १४७ सेंटिमीटर किंवा कमी, अशी त्याची व्याख्या. त्याच कायद्याच्या ९२व्या कलमानुसार दिव्यांग व्यक्तीचा चारचौघांत हेतुपुरस्सर अपमान करणं हा सहा महिने ते पाच वर्षं कैदेचा गुन्हा आहे. जुलै २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं चित्रपटांसंदर्भात सांगितलं की दिव्यांगांना कमी लेखणारा विनोद वेगळा आणि त्यांच्याबद्दलची समज वाढवणारा विनोद वेगळा. आपल्याच गुजरातेत, भावनगर जिल्ह्यातले गणेश बारैया. तीन फूट उंचीमुळे त्यांना डॉक्टरकीला प्रवेश नाकारला होता. ते सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले, जिंकले, आणि आज डॉक्टर आहेत. मला कोर्टात जायचं नाही. तुमच्याकडून उत्तर हवं आहे.

माझ्या मागण्या:

१. गेटवरची 'दरबारी विदूषक' ही योजना रद्द करा. सेल्फीची जाहिरात काढून टाका आणि काढल्याचं जाहीर करा.

२. त्या पाच जणांना ठरलेले पैसे पूर्ण द्या. रद्द करण्याचा निर्णय तुमचा असेल, नुकसान त्यांचं होता कामा नये. त्यांना महोत्सवात त्यांच्या कौशल्याचं काम विचारा. सर्कशीतल्या त्या काकांना एक तास मंच द्या, खुर्ची द्या, माइक द्या, आणि कार्यक्रमपत्रिकेत त्यांचं नाव छापा.

३. प्रदर्शनात एक भिंत द्या. सेनेब, मारिबार्बोला, सेबास्तियान दे मोर्रा, ब्राच्चो, हडसन, गिब्सन, पितळखोऱ्याचा यक्ष. छायाचित्रं आणि मराठी, गुजराती, हिंदी मजकूर मी विनामूल्य देईन. चित्रं साडेतीन फुटांवर लावा. उंच माणसांना थोडं वाकावं लागेल, पाठीला काही होत नाही.

४. तिकीट खिडकी, पायऱ्या, स्वच्छतागृह यांची पाहणी आधी करा. आमच्यातल्या आणि चाकाच्या खुर्चीवरच्या एखाद्या माणसाला बरोबर घ्या.

५. प्रस्ताव पाठवणाऱ्याचा नंबर त्याला न विचारता पुन्हा कुणाला देऊ नका.

पहिल्या दिवशी सकाळी मी माझ्या सातवीच्या वर्गाला घेऊन महोत्सवाला येणार आहे. एकेचाळीस मुलं आहेत. मुख्याध्यापिकांनी परवानगी दिली आहे, बस ठरली आहे. सहलीचं परिपत्रक शनिवारी पालकांच्या हाती द्यायचं आहे आणि त्यात मुलांना काय काय पाहायला मिळेल ते लिहावं लागतं. गेटवर कोण असेल, ती ओळ मी अजून मोकळी ठेवली आहे. शुक्रवारपर्यंत कळवावं.

आपली,
दांडिया बाजारातली एक चित्रकला शिक्षिका